मार्गदर्शक : अक्का

अक्का आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बसल्याच नाहीत. आत आल्या, दार लावून घेतलं आणि दाराच्या आतल्या बाजूकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, कडी बिघडली की काय. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाई, एवढी जागा मोकळी सोडलीसा व्हय?"

दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही नवराबायको, दोन मुली. जागा नाही म्हणून रोज कुणाचं तरी तोंड वाकडं व्हायचं. आणि ही गल्लीतली बाई दाराच्या पाठीला मोकळी जागा म्हणत होती. जाताना त्यांनी माझ्या नवऱ्याच्या दोन जुन्या पँटी मागून नेल्या.

चार दिवसांनी एक लांब पट्टा घेऊन आल्या. जाड कापड, त्यावर पँटींचेच खिसे शिवलेले, वरच्या शिवणीतून काठी घातलेली. खिळा मारून तो दाराला अडकवला. कंगवे, किल्ल्या, लाईटबिलं, रेशनकार्ड, सगळं त्यात बसलं. खाली सात छोटे खिसे होते, ते सासूबाईंच्या गोळ्यांसाठी. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक खिशाला वेगळ्या रंगाचं बटण. सोमवार पांढरा, महादेवाचा. मंगळवार लाल, गणपतीचा. शुक्रवार हिरवा, अंबाबाईचा. रविवारचं बटण गुलाबी, जोतिबाच्या गुलालाचं. सासूबाईंनी एका सकाळीत सगळे वार पाठ केले. त्यानंतर त्यांची गोळी कधी चुकली नाही.

अक्का मूळच्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या. म्हणून गल्लीनं त्यांना कानडी पद्धतीनं अक्का केलं. त्यांच्याहून वयानं मोठ्या बायकाही त्यांना अक्काच म्हणायच्या. नवरा लवकर गेला होता. एकच मुलगी, ती कबनूरला दिलेली. जावई यंत्रमागावर कामाला. कापडाच्या कडेची कापून टाकलेली चिंधी तो पोत्यानं आणून द्यायचा आणि अक्का तिच्या वेण्या घालून पायपुसणी, टोपल्या, भांड्याखालच्या चुंबळी करायच्या. गल्लीत कुणी काही फेकायला निघालं की त्या दारातूनच म्हणायच्या, "टाकू नगा, बघू की." मग बुटाचं खोकं, तेलाचा डबा, लग्नाच्या पत्रिका, विरलेली साडी, जे असेल ते त्यांच्या घरी जायचं आणि आठवड्यानं काहीतरी होऊन परत यायचं.

एकदा मी सेलमधून सहा पारदर्शक डबे आणले. मोठ्या हौसेनं अक्कांना दाखवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला, झाकण लावलं, काढलं. मग अगदी मनापासून विचारलं, "आता ह्ये डबं ठिवायला काय आणणार?" मी खूप हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. आपण तिला कामं सांगतो, तिचं कौतुक करतो आणि तिच्याबद्दल काही विचारायचं राहून जातं.

मी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला मुलं दरवर्षी तेच कागदाचे पंखे करायची. मी मुख्याध्यापिकांना अक्कांबद्दल सांगितलं. त्यांनी दर शनिवारी सकाळचे दोन तास दिले. तासाबरोबर चहा दिला, बाकी काही दिलं नाही. अक्कांनीही मागितलं नाही. त्या आधी यायलाच तयार नव्हत्या. चौथीत शाळा सुटली, आता कुठल्या तोंडानं परत जाऊ, म्हणत होत्या. मी हाताला धरून नेलं.

पहिल्या शनिवारी त्यांनी मुलांना काहीच करायला दिलं नाही. एवढंच सांगितलं की घरी जाऊन आईला विचारायचं, रोज काय सापडत नाही. जे सापडत नाही, त्याच्यासाठी जागा करायची.

पुढच्या शनिवारी वर्गात नुसता गलका. कुणाच्या घरी लायटर सापडत नव्हता, कुणाच्या घरी आजोबांचा चष्मा, एकीच्या घरी सुई. एक मुलगी गप्प बसली होती. अक्कांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आमच्यात सगळं सापडतं, पण बाबांनी ओरडू नये म्हणून आई सगळं लपवून ठेवते. त्या मुलीकडून अक्कांनी पत्रिकांच्या पुठ्ठ्याचा दोन तळांचा डबा करून घेतला. वरचा तळ उचलला की खाली आणखी एक कप्पा. डबा घरी नेताना मुलीनं तो दप्तरात सगळ्यात खाली ठेवला.

वर्षभर असं चाललं. मी त्या तासाला वर्गाच्या मागं वह्या तपासत बसायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं याच गोष्टीवरून मला ऐकावं लागलं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या पातळीवर टाकाऊतून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन भरलं. आमच्या शाळेच्या बत्तीस वस्तू गेल्या. माहितीची वही मी तयार केली. तिच्यात एक ओळ होती, मार्गदर्शक. मी मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, नियमात शिक्षक लिहिलंय, बाहेरच्या व्यक्तीचं नाव चालणार नाही, तुमचंच घाला, तुमच्या नोकरीलाही बरं.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. तरी मला एवढं म्हणता आलं असतं की खाली कुठंतरी एक ओळ आभाराची टाकू. मी म्हटलं नाही. सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं.

शाळेला पहिला क्रमांक मिळाला. मला शाल, श्रीफळ आणि पेपरात फोटो. अक्कांना मी बक्षिसाचं सांगितलं, नावाचं सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून, गल्लीतल्या दोन बायकांना सोबत घेऊन आल्या. बायकांना एकेक वस्तू दाखवत होत्या, हे कुणाच्या आईसाठी, ते कुणाच्या आजोबांसाठी. सगळी पोरं त्यांना पाठ होती.

मग त्या आमच्या शाळेच्या फलकापाशी आल्या. वहीतली माहितीच तिथं उतरवलेली होती. अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचायची त्यांची सवय. शाळेचं नाव वाचलं. इयत्ता वाचली. मार्गदर्शक वाचलं. माझ्या नावावर बोट थोडा वेळ थांबलं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, नियम, मुख्याध्यापिका, वही. अक्का वळल्या. फलकाशेजारी एका पोराची कापडी टोपली होती, तिच्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "हिथं शिवण उसवलीया. सुई हाय का, बाई?"

माझ्या पर्समध्ये सुई नव्हती. त्यांच्या पदराला होती, दोऱ्यासकट. त्यांनी उभ्या उभ्या ती टोपली शिवली, दोरा दातानं तोडला आणि बायकांना घेऊन निघून गेल्या.

जूनमध्ये शाळेनं ठरवलं की कार्यानुभवाचा तास आता मीच घ्यायचा. बक्षीस मिळवलेली शिक्षिका शाळेतच असताना बाहेरची बाई कशाला, असं पालकसभेत कुणीतरी म्हणालं होतं. अक्कांना हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्या चिंधीची वेणी घालत होत्या. शाळेची अडचण, वेळापत्रक, असं मी बरंच बोलले. नावाचंही बोलले, नियमावर ढकललं. त्यांनी वेणी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "तुमी माझ्याकडनं शिकला न्हाईसा की, बाई. मागं वह्या तपासत बसायचासा. शिकला असतासा, तर नाव घालायला माझी ना नव्हती."

आवाज चढलेला नव्हता. कोल्हापुरात भांडण असलं की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. हे शेजारच्या घरातही गेलं नसेल.

त्यानंतर अक्का माझ्या घरी आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर मुलींची चौकशी करायच्या, सासूबाईंची करायच्या. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. कार्यानुभवाच्या तासाला मी तयार साहित्याची पाकिटं मागवली. सगळ्या मुलांच्या वस्तू एकसारख्या झाल्या. पालकांना त्या आवडल्या. पुढच्या वर्षी मी कायम झाले.

सासूबाईंच्या गोळ्यांचा पट्टा एकदा फाटला. मी नवा विकत आणते म्हटलं. सासूबाई ऐकेनात. त्या स्वतः काठी टेकत अक्कांकडं गेल्या आणि तासाभरानं शिवलेला पट्टा घेऊन आल्या. मी विचारलं, काही म्हणाल्या का? सासूबाई म्हणाल्या, चहा केला, गप्पा झाल्या. एवढंच. बुधवारचं बटण सैल झालं होतं, तेही त्यांनी पक्कं करून दिलं होतं.

अक्कांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा मुलगी येऊन त्यांना कबनूरला घेऊन गेली. मी तेव्हा शाळेत होते. घरी आले तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. सासूबाईंना त्या भेटून गेल्या होत्या. माझ्यासाठी काही निरोप नव्हता आणि मी विचारलाही नाही.

गेल्या महिन्यात गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की अक्का गेल्या. थोड्या वेळानं कुणीतरी लिहिलं, बाई, तुम्ही शिक्षिका, शिवाय तुमच्या शाळेत त्या शिकवायच्या, तुम्हीच चार ओळी लिहा. बाकीच्यांनी लगेच दुजोरा दिला.

मी लिहायला बसले. पहिल्याच ओळीत अडले. अक्कांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. वर्षभर मी त्यांना शाळेत नेत होते, त्यांनी माझं घर लावून दिलं होतं, आणि मला फक्त आडनाव ठाऊक होतं. सासूबाईंना विचारलं, त्याही अक्काच म्हणत आलेल्या. ग्रुपवर विचारायची लाज वाटली. शेवटी नंबर मिळवून त्यांच्या मुलीला कबनूरला फोन लावला.

मागांचा आवाज एवढा होता की दोनदा माझं नाव सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिला कळलं. मी म्हटलं, श्रद्धांजलीसाठी चार ओळी लिहायच्या आहेत, आईचं पूर्ण नाव हवं होतं.

"तवा लागलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "आता कशाला?"

फोन तिनं ठेवला की माझ्याकडून कट झाला, मला आठवत नाही. मी परत लावला नाही. ग्रुपवर लिहिलं की मला जमणार नाही. मग गल्लीतल्या तालमीच्या एका पोरानं अक्कांचा कुठल्यातरी हळदीकुंकवातला पुसट फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या गल्लीतील अक्का यांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं येत राहिली. त्यात एक माझंही होतं.