शुक्रवारचं चिकन

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दुबईतल्या देरा भागातल्या ऑफिसात वडीलधाऱ्यांबरोबर तीन वर्षं काढा, आपोआप साचतात! आता सगळे सुखरूप आहेत, म्हणून सांगतो.

आम्ही अमेरिकन नौदलाच्या जहाजांना फ्रोझन चिकन पुरवायचो. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, म्हणून फाइलिंगला. मॅनेजर प्रधानसाहेब रोज ऐकवायचे, "डिग्री नाही, तर किंमत नाही!" स्वतः डबल ग्रॅज्युएट. चिकन न तपासताच तपासणीचे दाखले घरच्या घरी बनवायचे. आणि ही पिढी आम्हाला संस्कार शिकवणार!

*

पण माणूस वीस वर्षं मुंबईत नोकरी केलेला. खोट्या दाखल्यावर रविवारची तारीख चुकूनही टाकायचा नाही. शुक्रवारची मात्र बिनधास्त! तेव्हा अख्ख्या दुबईला शुक्रवारी सुट्टी, तपासणीचं ऑफिस बंद, आणि आमचं चिकन दर शुक्रवारी पास!

हे पकडलं क्वालिटीच्या जोशीकाकांनी. "साहेब, शुक्रवारी तपासतं कोण?"

"हबीबी, सही करा. खलास!"

*

जोशीकाका म्हणजे रिकाम्या लिफ्टमध्येही "एक्सक्यूज मी" म्हणून शिरणारा माणूस. एकदा झेरॉक्सच्या काचेवर त्यांचा कागद राहिला. अमेरिकेतल्या वकिलाला पत्र! तिथे म्हणे सरकारला फसवणाऱ्यावर साधा कर्मचारीही खटला भरू शकतो, आणि सुरुवातीला सगळं गुप्त राहतं. इथे मात्र आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट प्रधानसाहेबांच्या तिजोरीत. नाव फुटलं की काका अडकले.

मी कागद परत दिला. काका पांढरेफटक. "कुणाला बोलशील का रे?"

"काका, कॉलेज सोडलं हे मी बाबांना वर्षभर सांगितलं नाही. तुमचं काय सांगणार!"

*

मग अमेरिकेहून चौकशीचं पत्र आलं. साहेब एसीत घामाघूम! फितूर शोधायचाच. पण शोधणार कोण? ऑफिसातला सगळ्यात विश्वासू माणूस. जोशीकाका!

काकांनी आठवडाभर एकेकाला बोलावून प्रश्न विचारले. मलासुद्धा, चेहरा गंभीर ठेवून! रिपोर्ट एका ओळीचा: "संशयित आढळला नाही."

*

शेवटी कंपनीच्या अमेरिकेतल्या वकिलाने कळवलं, कागदपत्रं माहीत असलेला माणूस पाठवा. साहेबांनी स्वतः तिजोरी उघडली आणि पासपोर्ट काकांच्या हातात ठेवला. "जोशी, कंपनीची अब्रू आता तुमच्याकडे!" काकू आणि मुलगी शाळेच्या सुट्टीत आधीच पुण्याला गेलेल्या.

तिकिटासाठी मी फोन उचलला. काका हळूच म्हणाले, "परतीचं नको काढूस."

साहेबांनी तेही ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "बघ, शीक काहीतरी! याला म्हणतात काटकसर!"