पाऊणपटीचा हिशेब

लग्नानंतर वर्षाने बायको रत्नागिरीहून दुबईला आली, आणि आठव्या दिवशी म्हणाली, मी मंगळवारच्या बोटीने परत जाते. भांडण नाही, रडणं नाही. इथे माड नाहीत, बोलायला माणूस नाही आणि तुम्ही दिवसभर दुकानात. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साठच्या दशकातलं दुबई म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवरचं एवढंसं गाव. मंगळवारच्या आधी मला सुट्टीचा एकच शुक्रवार मिळणार होता.

शेजारी आमच्याच किनाऱ्याकडचे एक मामू राहायचे. खाडीत माल पोचवायची त्यांची एक इंजिनाची होडी होती, ती मी दिवसभरासाठी मागून घेतली. चालवता येते का, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून सांगितलं, कोकणातला माणूस आहे. खरं तर आमचं घराणं कापडदुकानाचं. सुकाणू मी आयुष्यात पहिल्यांदाच धरत होतो. बायकोचे वडील मात्र गावच्या तरीवर होडी हाकायचे, म्हणूनच मला तिच्यापुढे मिरवायची जास्त खुमखुमी.

सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे जाते, हे मला निघाल्यावर कळलं. तोवर आम्ही एका गलबताला धडकता धडकता वाचलो होतो आणि दुसऱ्याच्या नांगराच्या दोराखालून वाकून गेलो होतो. खलाशी हात हलवून ओरडत होते. मला वाटलं कौतुक चाललंय. मीही हात हलवला आणि होडी पुन्हा भलतीकडे वळली. बायको सांदणांचा डबा पोटाशी धरून बसली होती.

गाव मागे पडलं, खाडी रुंद झाली. पुढे उथळ पाण्यात शेकडो गुलाबी पक्षी उभे होते, आणि ते बघायला ती आल्यापासून पहिल्यांदाच आपणहून उठून उभी राहिली. मला तर चेवच चढला. अजून जवळ नेतो म्हणालो.

तिने होडीतली काठी पाण्यात बुडवून पाहिली आणि पाणी उतरतंय म्हणाली. मी तिला समजावलं : चांदाच्या तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; आज आठवी तारीख, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहा वाजता, आत्ता दुपारी पाणी चढणारच. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हा हिशेब येतो. ती नुसतं "बरं" म्हणाली. थोड्याच वेळात होडी चिखलात बसली.

"आपल्या गावची भरती इथे कशी येईल?" तिने विचारलं.

मी बोटांवर पुन्हा आठाचे पाऊणपट मोजले. ती हसायला लागली. होडी ढकलायला मी उडी मारली तर गुडघ्यापर्यंत रुतलो, आणि बाहेर आलो तेव्हा एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली होती. मग तिला हसू आवरेचना. पाणी आणखी ओसरलं तशी होडी कलली आणि सांदणांचा डबा घसरत माझ्या मांडीवर आला. समोरच्या फळीला पाय टेकवून, तिरपे बसून आम्ही सगळी सांदणं संपवली. मीही वेड्यासारखा हसत होतो. इतका सुखी मी लग्नातही नव्हतो.

ऊन कलल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमाराला पाणी परत चढायला लागलं. तिने केसातली पिन काढून काठीवर रेघ ओढली, माझ्या घड्याळात वेळ पाहिली, थोड्या वेळाने दुसरी रेघ ओढली. नव्या पाण्याची चाल कळायला तिचे वडील असंच करायचे. होडी सुटल्यावर तिने सुकाणू घेतलं. मला पुढे बसवलं, आणि आम्ही गलबतांच्या रांगेतून सरळ, कोणालाही न शिवता परत आलो. बाई होडी हाकतेय म्हटल्यावर काठावरची माणसं थांबून बघत होती. ती कुणाकडे बघत नव्हती.

धक्क्यावर मामू वाट बघत होते. त्यांनी मला काही विचारलंच नाही. तिला म्हणाले, "कसं काय वाटलं इथलं पाणी?"

"एका दिवसात नाही कळायचं, मामू. पुढच्या शुक्रवारी परत न्यायला हवी होडी."

मामूंनी मान डोलवली. ती रेघांची काठी घेऊन घराकडे चालायला लागली. मंगळवारचं काय, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण विचारलं तर तिला आठवेल, या भीतीने मी गप्प तिच्या मागे चालत राहिलो.