वीरपत्नीचा नवरा

द्वारकाबाईंनी मला पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं. "जुलै आला वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि कडी लावली.

त्यांचं चुकलं नाही. कारगिलमध्ये पडलेल्या जवानाची बायको म्हणून दरवर्षी कारगिल दिनाच्या सुमाराला कुणी ना कुणी दिल्लीतल्या पालमच्या त्या दोन खोल्यांत येऊन त्यांना रडवायला बघतं. यंदा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी गेले होते. मंत्रालयात तीस वर्षं फायली उपसलेली बाई मी, अशी थोडीच हटणार? तिसऱ्या खेपेला त्यांनी आत घेतलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "महेश माझा नवरा होता आठ महिने. त्यातले घरी बावीस दिवस. त्याचा आवाजसुद्धा मला आठवत नाही. शरम वाटते, पण नाही आठवत."

शेजारी महेशचे धाकटे भाऊ दामू खाली मान घालून बसले होते. महेश गेला तेव्हा ते एकवीस वर्षांचे, सैन्यभरतीत पास झालेले. आईनं दुसरा मुलगा सैन्यात पाठवायला साफ नकार दिला आणि वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनीशी त्यांचा पाट लावून टाकला. दोघांनाही कुणी विचारलं नाही. पहिली दोन वर्षं द्वारकाबाई त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

"फार छळलं मी ह्यांना," त्या म्हणाल्या. "पण टायफॉइडमध्ये माझी वेणी ह्यांनी घातली. हा माणूस माझा नवरा. हे लिहा, नाहीतर काहीच लिहू नका."

मी शब्द दिला. लिहिलंही.

आमचे अध्यक्ष काकासाहेब, निवृत्त अवर सचिव, लाल पेन अजून खिशात बाळगतात. त्यांनी पाटाचा मजकूर सरळ उडवला. "बिल्कुल नको, रेवतीताई. वीरपत्नी म्हटलं की लोकांच्या मनात एक इमेज असते." वर स्वतःचं वाक्य घुसडलं: 'तेव्हापासून द्वारका एकटीच त्याच्या स्मृतींवर जगत आहे.' मी वाद घातला नाही. पुढच्या वर्षीचं संपादकपद मला हवं होतं. हे सांगताना माझी मलाच चीड येते.

कार्यक्रमाला दोघंही आले. द्वारकाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. दारात आमची ममता बायकांना हळदीकुंकू लावत होती. तिचं बोट द्वारकाबाईंच्या कपाळापर्यंत गेलं आणि काकासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. तिनं हात मागे घेतला, करंडा मागच्या बाईपुढे धरला.

द्वारकाबाईंनी तो हिसकावून घेतला आणि दामूंसमोर धरला. "लावा."

दाराशीच ठेवलेल्या भावाच्या हार घातलेल्या फोटोसमोर त्या माणसानं बायकोला कुंकू लावलं.

"अहो वहिनी, लोक बघताहेत," काकासाहेब पुटपुटले.

"लोक गेले खड्ड्यात. आणि तुम्हीही."

मला भलताच आनंद झाला. मनातल्या मनात टाळीसुद्धा वाजवली. फुकटची!

मग दामू माझ्याकडे आले. भावाचा फोटो पाहायला त्यांनी स्मरणिका उघडली होती. लेखाखाली माझं नाव होतं. चिडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"एकटी?" त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाचं कुंकू कागदाला लागलं. "मग मी कोण, ताई?"