सांध्यावरचा हार

खंडेनवमीच्या सकाळी मुलगा टॅक्सीखाली आडवा होऊन चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यात ग्रीस भरतो, आणि त्या वासानं मी परळच्या गिरणीत जाऊन पोचते.

प्लेग यायच्या आधी मी तिथं रिळांवर सूत गुंडाळायची आणि आमचे हे यंत्रांना तेल घालायचे. छताखाली दोन लोखंडी दांडे तिरके भेटत. त्यांना जोडून फिरवणाऱ्या फुलीसारख्या सांध्याला आम्ही बायकांनी खंडेनवमीला झेंडूचा हार घट्ट बांधला. पूजेचा हार, म्हणून दसरा उलटला तरी कुणी काढला नाही.

गिरणी सुरू झाली आणि थोड्या वेळानं सांधा किंचाळायला लागला. सांध्यात घातलेलं एरंडेल जळल्याचा वास आला. खाली सगळीकडे कापूस. दांडा थांबवून हे शिडीवर चढले. मी शिडी धरून उभी होते.

उतरले तेव्हा त्यांच्या तळहातावर काळ्या पडलेल्या पाकळ्या होत्या.

"घाबरू नको गो. फुलांनी तेलाचं भोक बुजलं होतं."

मी तिथंच मटकन बसले आणि हसतच सुटले.

"आये, हार आण," टॅक्सीखालून मुलगा म्हणतो.

हार मी टॅक्सीच्या पुढच्या दिव्याला बांधते. खालच्या सांध्याला लांबूनच हात जोडते.