आईच्या प्लॅस्टरसाठी एटीव्ही

आईच्या पायाचं प्लॅस्टर कापायला तिला दवाखान्यात नेता यावं म्हणून मी एक सेकंडहँड एटीव्ही घेतली.

एटीव्ही म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांना बसवून वाळूत फिरवतात ना, ती चार जाड चाकांची मोटरसायकल. हसू नका, आधी परिस्थिती समजून घ्या. (मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय मागणीवर येत नाही.) भाईंदर पूर्वेला आमच्या गल्लीत गटारासाठी ठेकेदाराने आडवा चर खणला आणि तो गायब झाला. त्या चरात आई पडली, घोटा मोडला. मी सुपरवायझरला फोनवर जाब विचारला, तर म्हणतो, "ताई, मावशींनी बघून चालायला नको का?"

बघून! म्हणजे खणायचं यांनी आणि बघायचं आईने! मी चार पत्रकं काढली, दोन निवेदनं दिली, चराच्या काठावर उभं राहून तीन तास घोषणा दिल्या. (घोषणा देणारी मी, त्याला उत्तर देणारीही मीच.) चर आहे तिथेच.

सोमवारी प्लॅस्टर कापायचं होतं आणि रिक्षा गल्लीत यायला तयार नव्हती. खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हटलं, तर आई भडकली.

"माझी वरात काढायलीस का गं? सगळ्या गल्लीसमोर?"

दीड महिना ती प्लॅस्टरच्या आत माझ्या फलकाची काठी घालून खाजवत होती. चळवळीत त्या काठीचा एवढा उपयोग कधीच झाला नव्हता. "सोमवारी नाही नेलंस," ती म्हणाली, "तर हे मी लाटण्यानं फोडते."

तेव्हा मला ती थोर कल्पना सुचली. रस्ता गाडीच्या लायकीचा करत नाहीत ना? मग रस्त्याच्या लायकीची गाडी आणू!

खारी गावातल्या जनूशेठकडे एक एटीव्ही विकायला असल्याचं कळलं. सोबत सुधामामाला घेतलं. मामा तीस वर्षं बस डेपोत होता, त्यामुळे तो आमच्या घरातला गाड्यांचा जाणकार. (डेपोत तो पास काढून द्यायच्या खिडकीत बसायचा, हे त्या शनिवारी कुणालाच आठवलं नाही.)

गाडी लालभडक होती, दोन्ही बाजूंना ज्वाळा रंगवलेल्या. मामाने आधी चारही टायरना एकेक लाथ घातली. मग वाकून इंजिनाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"गरम आहे! म्हणजे रोज चालते. जिवंत गाडी आहे, पोरी!"

आम्ही येण्याआधी जनूशेठने अर्धा तास खटपट करून ती कशीबशी सुरू करून ठेवली असेल, हा विचार डेपोच्या खिडकीत बसून सुचत नाही.

"गंज आहे का?" मी विचारलं.

"गंज? छ्या! आताच रंग दिलाय, बघ हात लावून."

मी हात लावला. हात लाल झाला.

"आरटीओचं पासिंग?"

"वाळूवरच्या गाडीला कसला पासिंग, बाय? ही रस्त्यावर चालवायची न्हाय."

आता मी म्हणजे सिग्नलला 'नियम पाळा'चा फलक धरून उभी राहणारी मुलगी. मी मागे फिरणारच होते, पण मामाने मला बाजूला घेतलं. "आपल्या गल्लीत जे आहे, त्याला रस्ता म्हणतात का?"

"नाही!" मी म्हणाले. हे तर माझ्याच तिसऱ्या पत्रकात होतं.

"मग रस्ताच नाही, तर पासिंग कसलं?"

मुद्दा बिनतोड होता. आणि मग मी गाडी तपासायला घेतली. म्हणजे पिशवीतून कागद काढला. रात्रभर जागून मी अकरा मागण्यांचं निवेदन तयार केलं होतं. 'ब्रेक लागलेच पाहिजेत.' 'रिव्हर्स गिअर पडलाच पाहिजे.' 'गाडी पहिल्या बटणाला सुरू झालीच पाहिजे.' मी एकेक मागणी मोठ्याने वाचायला लागले.

"मान्य," जनूशेठ म्हणाला.

"दोन नंबर..."

"मान्य हाय."

"ऐकून तर घ्या!"

"सगल्या मान्य हायेत, बाय. आन हिकडं, सही करतो."

आणि त्याने सही केली! अकराच्या अकरा मागण्यांवर! लोकहो, इतक्या वर्षांत माझ्या निवेदनावर कुणी पोच म्हणूनसुद्धा सही केलेली नव्हती. माझे डोळे भरून आले. आमच्याकडे शिरस्ता असा की लेखी आश्वासन मिळालं की आंदोलन मागे घ्यायचं. मी ते तिथल्या तिथे मागे घेतलं. ब्रेक दाबून बघायचा राहिला, रिव्हर्स टाकून बघायचा राहिला. मी मामाला मिठी मारली आणि जनूशेठला माझी धडधाकट, पासिंग असलेली, एका बटणाला सुरू होणारी स्कूटी बदल्यात देऊन टाकली!

टेम्पोवाल्याने गाडी गल्लीच्या तोंडाशीच उतरवली. "मॅडम, आगे गड्ढा है. मैं नहीं जाएगा."

"अरे, म्हणून तर ही आणलीय!"

आम्ही दोघांनी ती ढकलत, चरावर फळ्या टाकून बिल्डिंगखाली आणली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी ट्रायल. आई गेटपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. मी पहिल्या बटणाला प्रयत्न केला. मग चाळिसाव्या. मग मामाने मागून धक्का दिला, तेव्हा कुठे ती सुरू झाली.

"अगं, तू आधी एकटी जाऊन ये," आई म्हणाली. "मग मी बसायचं का न्हाई ते बघते."

मी स्कूटीच्या सवयीने मूठ पिरगळत होते. या गाडीचा वेग अंगठ्याने दाबायच्या खटक्यात असतो, हे अंगठा त्याच्यावर पडल्यावर कळलं. गाडी एकदम डरकाळी फोडून सुटली.

"ब्रेक दाब!" मामा ओरडला.

मी दाबला. ब्रेकची वायर तुटून लोंबायला लागली. मी उडी मारून वाळूच्या ढिगावर पडले आणि गाडी सरळ जाऊन चरात शिरली. तोंड खाली, शेपूट वर, मागची दोन चाकं हवेत फिरताहेत.

"रिव्हर्स टाक!" मामा म्हणाला.

मी वाकून टाकायला गेले, तर तो पडतच नव्हता. लेखी होता फक्त.

गल्ली जमली. आई खुर्चीतून म्हणाली, "आता माझा एक पाय कमी झाला म्हणून गाडीची चार चाकं मोडलीस होय?"

गाडी वर काढायला यंत्र मिळेल का, हे विचारायला मामाने सुपरवायझरला फोन लावला. "हॅलो, तुमच्या चरात गाडी पडलीय."

पलीकडून घाबरलेला आवाज. "गाडी? कुणाची गाडी? साहेब, कुठे तक्रार केलीत का? थांबा, थांबा, आलोच!"

बाई पडली तेव्हा बाईची चूक. गाडी पडली म्हणजे चराची चूक! दोन तासांत जेसीबी आला. गाडी उचलून बाहेर ठेवली, संध्याकाळपर्यंत चर बुजवला, वर खडी टाकून रोलरसुद्धा फिरवला. सोमवारी रिक्षा थेट गेटवर आली आणि आई ऐटीत बसून प्लॅस्टर कापून आली. पाय मोकळा झाला तशी तिने तो आधी त्या एटीव्हीला हाणला.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतले चारजण दारात आले. त्यांच्याकडेही तसाच चर. मी उत्साहाने पत्रकांचा गठ्ठा काढला.

"ताई, पत्रकं राहू द्या," त्यांच्यातले काका म्हणाले. "ती गाडी मिळेल का दोन दिवस?"

"काका, ती चालत नाही हो."

"चालवायची कुठंय? पाडायचीय."

मी गाडी दिली आणि सोबत स्वतःही गेले. कारण चालवण्याचं माहीत नाही, पण पाडण्यात अख्ख्या भाईंदरात माझा हात धरणारं कुणी नाही!