सांजांवच्या विहिरीत आमचा इवान

मंडळी, दुपारपासून हसतेय, म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

आज सांजांव, संत जुवांवचा सण. गोव्यातल्या आमच्या चोपडे गावात शेजारच्या जुवांवअंकलच्या विहिरीत दरवर्षी सगळा वाडा उड्या मारतो. पहिली उडी मात्र अंकलची, कारण सण त्यांच्याच नावाच्या संताचा.

यंदा त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरने उडीला सक्त मनाई केलीय. तरी अंकल डोक्यावर फुलापानांचं कोपेल चढवून कठड्याशी हजर. "ह्या बांयत पयली उडी जुवांवच मारता," एवढंच म्हणत होते. आंटी रडकुंडीला आलेली. मुलगे परदेशात, अडवणार कोण?

तेवढ्यात आमच्याकडे भाड्याने राहणारा रशियन इवान आरडाओरडा ऐकून आला. मी त्याला सगळं समजावलं, तर तो म्हणाला, "मग मी आहे ना. आमच्याकडे जुवांवचंच इवान होतं. मूळ हिब्रू योहानान, म्हणजे देवाने कृपा केली. इंग्रजांचा जॉन, स्पेनचा हुआन, अरबांचा याह्या, सगळे तेच."

अंकलनी त्याला खालीवर न्याहाळलं. पोहता येतं का, एवढंच विचारलं. मग डोक्यावरचं कोपेल काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले.

पाणी असं उसळलं की आंटी नखशिखांत भिजली. अख्ख्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

तुमच्या नावाचा माणूस दुसऱ्या देशात काय नावाने फिरतो? शोधून ठेवा. कधीतरी आपल्या वाट्याची उडी त्याला मारावी लागते.