बदनापूरला जाऊन परत यायचं

सायकलच्या चाकाला रस्ताभर जे जे लागतं, ते सगळं शेवटी घरच्या उंबऱ्यात येऊन पडतं. माती, शेण, बाभळीचे काटे आणि किस्से! माती आणि शेण मी रोज झाडून काढत होते. किस्से मात्र तसेच साचत गेले. आता चार जणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या माधवचा तो सांगा ना!" आणि एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतोच.

माधव म्हणजे माझा धाकटा दीर. जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. निजामाचं राज्य आणि वर लढाईचे दिवस, त्यामुळे टायर मिळेना, तेल मिळेना. पण दिवाळी होऊन रस्ते वाळले की ह्या मुलाच्या पायांना चैन पडायचं नाही. जेवताना मांडी हलायची, झोपेत पाय चालायचे. संक्रांत झाली की जालन्याहून बदनापूरला जाऊन परत यायची सायकल रेस असायची. दोन वर्षं तो मागेच राहिला होता.

तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, पानावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "यंदा पहिल्या तिघांत आलास तर ठीक. न्हाई तर सायकलला कॅरिअर लावायचं, डबा अडकवायचा आणि गुमान कामावर जायचं. रेस बंद!"

माधवनं हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून घरात कुणालाच स्वस्थता नव्हती.

*

तालीम पहाटे सुरू व्हायची. माधव आणि त्याचा दोस्त गंगाधर, शाळेत मास्तर होता तो, दोघं उजाडायच्या आत बदनापूरच्या रस्त्याला लागायचे. गावाबाहेरच्या नाक्यावर जकातीचा शिपाई बसलेला असायचा. पहिल्या दिवशी त्यानं अडवलं.

"सामान क्या है?"

"काही न्हाई."

"मंग इतक्या जल्दी कुठं?"

"बदनापूरला."

"कशाला?"

"परत यायला!"

शिपायानं सोडलं, पण त्याच्या डोक्यात ते घोळत राहिलं. रोज दोन धडधाकट माणसं रिकाम्या हातानं जातात आणि रिकाम्या हातानं येतात! चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं दोघांना खाली उतरवलं. सीट चाचपली, पंप उघडून पाहिला. मग संशय टायरवर गेला. वॉल्व्ह ढिला केला, फुस्स करून सगळी हवा गेली. तो कान लावून शेवटपर्यंत ऐकत बसला आणि मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "जाओ. हवा पे महसूल नहीं है."

*

सायकलची सगळी डॉक्टरकी रहीमभाईंकडे. बाजारात त्यांचं दुकान होतं. स्वतः ते कुठंही टांग्यानं जायचे, पण रेसबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांनी माधवला सांगितलं, "हँडल उलटं करून बसव. मान खाली घालून चालवलं की वारा वरून निघून जातो."

हँडल उलटं झालं. माधव मान खाली घालून, पाठ मोडून गल्लीतून निघाला. दोनच दिवसांत समोरच्या काकू घाईघाईनं माझ्याकडे आल्या. हळूच म्हणाल्या, "काय हुडकून राह्यलाय गं तुझा दीर? दोन दिवस झाले, रस्त्यावरनं नजर काढंना. सोन्याबिन्याचं काही पडलं का? सांग, आम्ही बी हुडकतो!"

संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली खाली बघत चालली होती.

*

मग वजन कमी करायचं खूळ निघालं. मडगार्ड गेले, स्टँड गेलं, चेनवरचं झाकण गेलं, शेवटी घंटीही गेली. रहीमभाई म्हणाले, "घंटी कशाला? अल्लानं गळा दिलाय की!"

झालं! माधव ओरडत जायला लागला, "बाजू! बाजू!" आडवी आलेली शेळी असो नाहीतर कापसाच्या गाड्यांची रांग असो, ह्याचा आवाज वेशीपासून ऐकू यायचा. पुढं पुढं ते इतकं अंगवळणी पडलं की सायकल नसली तरी तोंडातून तेच यायचं. एकदा सासूबाई परसात तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. हा आंघोळीला चालला होता. मागून ओरडला, "बाजू!"

सासूबाई दचकून बाजूला झाल्या, तांब्यातलं पाणी पायावर सांडलं. म्हणाल्या, "मेल्या, सायकलची घंटी काढून तोंडात बसवलीस होय?"

*

चेनला घालायचं तेल बाजारातून गायब झालं. माधवनं माझ्या स्वयंपाकघरातलं करडईचं तेल घातलं. चेन मऊ पळायला लागली. तो खूश झाला आणि उरलेलं तेलही ओतून मोकळा झाला. पण बाटली होती ती सासूबाईंची. त्यांनी सर्दीवर म्हणून तेलात गूळ कालवून ठेवला होता!

सकाळी अंगणात गेले, तर भिंतीपासून सायकलीपर्यंत मुंग्यांची काळी ओळ. चेनवर तर मुंग्याच मुंग्या. माधव डोक्याला हात लावून बसला. गंगाधर मास्तर आत आले, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "माधवराव, तुमची सायकल उभ्या जागी चालायला लागली की!"

*

आगगाडीचा किस्सा माधव स्वतःच सांगायचा. बदनापूरकडे जाताना रूळ काही अंतर रस्त्याच्या जवळून जातात. एका सकाळी पॅसेंजर शेजारून निघाली आणि ह्या दोघांना चेव आला. रेस लागली! मान खाली, दात खाऊन, जीव तोडून पायडल मारताहेत. डब्यातल्या म्हाताऱ्या पागोटेवाल्यानं ते बघितलं. त्याला दया आली. खिडकीतून ओरडला, "लेकरांनो, गाडी चुकली काय रं? या, या! मी थांबवायला लावतो!"

दोघं बदनापूर स्टेशनाजवळ धापा टाकत पोचले, तर गाडी उभी. सगळ्या खिडक्यांतून माणसं हात करताहेत, "जल्दी या! जल्दी या!" पागोटेवाला गार्डाचा हात धरून उभा. चार माणसांनी सायकली उचलून आतसुद्धा टाकल्या.

"मग तुम्ही सांगितलं नाही का, की आम्हाला जायचंच नाही म्हणून?" मी विचारलं.

"कसं सांगणार वहिनी? समदी गाडी आमच्यापायी थांबली होती. लाजंखातर बसलो!"

पुढच्या स्टेशनला उतरून दोघं उन्हातान्हात सायकल मारत परत आले. त्या दिवशी तालीम दुप्पट झाली.

*

आणि आता रेसचा दिवस.

हे सकाळीच पांढरा लांब कोट घालून निघाले. "अंबडला कोर्टाचं काम आहे. असल्या रिकाम्या उद्योगांना मला वेळ न्हाई," असं माधवच्या तोंडावर म्हणाले. माधव नुसता चेन पुसत राहिला.

रेस रहीमभाईंच्या दुकानासमोर संपायची. वरच्या माडीवर आम्ही बायका उभ्या. माझा पाय एका जागी ठरत नव्हता. बदनापूरच्या मारुतीला वळसा घालून यायचं, अशी रीत होती. काही बहाद्दर अर्ध्या वाटेतूनच फिरायचे, म्हणून मारुतीपाशी एक माणूस गुलाल घेऊन बसायचा आणि वळणाऱ्याच्या कपाळाला फासायचा. कपाळ लाल, तर रेस खरी.

पहिला आला, कपाळ लाल. दुसरा आला, लाल. मग धुळीतून तिसरा आला, तो आमचा माधव! मी कठडा सोडून टाळ्याच वाजवल्या.

पण पंच पुढे आले. "गुलाल कुठाय?"

माधवच्या कपाळावर एका भुवईपाशी नुसती गुलाबी झाक होती.

"लावला होता साहेब."

"मग गेला कुठं? घामानं गेला का?"

"न्हाई."

"मग?"

माधव खाली बघत उभा राहिला. तेवढ्यात चौथा आला, कपाळ लालभडक. त्याची माणसं ओरडायला लागली, "तिसरा आमचा! हा वाटेतूनच फिरला!" रहीमभाई मध्ये पडले, "साब, ये लड़का झूठ नहीं बोलता!" गंगाधर मास्तर म्हणाले, "अरे, काही तरी बोल ना!" माधव खाली बसून चेनच पुसायला लागला. मी वरून पदराचं टोक पिळत होते. ओरडावं वाटत होतं, पण ओरडून सांगणार काय?

वाद बराच वेळ चालला. पंचांनी चौथ्याचा हात धरून वर उचलायला घेतला, तेवढ्यात स्टेशनकडून एक टांगा आला. त्यातून हे उतरले.

रहीमभाईंनी वर माझ्याकडे बघितलं. "भाभी, अंबडला टेशन कधी झालं?"

ह्यांनी कुणाकडे बघितलं नाही. गर्दीतून वाट काढत सरळ पंचांसमोर जाऊन उभे राहिले. मीच धुतलेल्या त्या पांढऱ्या कोटावर, बरोबर छातीच्या मध्यावर, कपाळाएवढा गुलालाचा डाग होता.

पंचांनी कोटाकडे पाहिलं. माधवच्या कपाळाकडे पाहिलं. पुन्हा कोटाकडे पाहिलं. मग चौथ्याचा हात सोडला आणि माधवचा हात वर केला.

संध्याकाळी कोट धुवायला घेतला. डाग काही केल्या निघेना. मी विचारलं, "अहो, हे एवढं लाल काय लागलंय?"

हे भिंतीकडे तोंड करून टोपी खुंटीला अडकवत होते. तसेच म्हणाले, "अंबडला धूळ फार आहे."